‘निगेटिव्ह होऊन या’ म्हणे!

माझ्या आजाराचं नाव मला डॉक्टरांनी सांगितलं नाही. ते सांगितलं साहेबांच्या वाढदिवसाचा मांडव घालणाऱ्या माणसानं, आमच्या अंगणात मोटारसायकल चालूच ठेवून, आणि तेही मला नाही, माझ्या वडलांना. "अण्णा, पोरीच्या रक्तात कावीळ निघली म्हणं. जरा लांबलांब ऱ्हावा," एवढं बोलून त्यानं गाडी वळवली. मी तिथंच, दहा पावलांवर, शेळ्यांना पाला टाकत होते.

हे कसं झालं ते आधी सांगते, म्हणजे माझा राग कशाचा आहे ते तुम्हाला कळेल.

मी अश्विनी, दिंद्रुडची. आमचं घर शेळ्यामेंढ्या राखणारं. अण्णा अजूनही सकाळी कळप घेऊन निघतात. मी शिष्यवृत्तीवर शिकले आणि आता प्रवासी विमानात को-पायलट आहे, म्हणजे कॅप्टनच्या शेजारच्या खुर्चीत बसून त्याच्या बरोबरीनं विमान चालवते. सुट्टीला घरी आले होते. नेमका तेव्हाच आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याचा वाढदिवस आला, आणि वाढदिवस म्हटला की आमच्याकडं रक्तदान शिबिर आलंच. कार्यकर्ते मला न विचारताच माझा फोटो फ्लेक्सवर त्या साहेबांच्या खांद्याशी छापून मोकळे झाले: आपल्या गावची पायलट रक्तदान करणार! रक्त दिल्यावर वैमानिकानं काही दिवस उडायचं नसतं, पण सुट्टी बरीच शिल्लक होती. म्हणून दिलं.

दान केलेलं रक्त तपासतात. त्यात काही निघालं तर ज्याचं रक्त त्यालाच, एकट्याला बोलावून सांगायचं असतं. रक्तपेढीवाल्यांनी फोन लावला शिबिर भरवणाऱ्याला, म्हणजे त्या मांडववाल्याला. त्यानं आधी पानटपरीवर सांगितलं, मग चहाच्या हॉटेलात, आणि सवड मिळाल्यावर आमच्या अंगणात. माझ्या लिव्हरची बातमी अख्ख्या गावात सगळ्यांत शेवटी मला कळली!

मी रक्तपेढीला फोन केला. पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "हो मॅडम, एचबीएसएजी पॉझिटिव्ह आहे. डॉक्टरला दाखवून घ्या." आणि फोन ठेवला.

एचबीएसएजी म्हणजे हिपॅटायटिस बी नावाच्या विषाणूच्या कवचाचा एक अंश. तो रक्तात सापडला, म्हणजे विषाणू शरीरात मुक्कामाला आहे. हिपॅटायटिस म्हणजे यकृताची, लिव्हरची सूज. आपल्याकडं या सगळ्याला सरसकट कावीळ म्हणतात आणि घोटाळा तिथंच होतो. कावीळ म्हणजे डोळे, लघवी पिवळी होणं. हा विषाणू वर्षानुवर्षं अंगात राहतो आणि डोळ्यांत पिवळेपणाचा ठिपकाही दिसत नाही. तो रक्तातून पसरतो, दुसऱ्याला टोचलेल्या सुईतून, दुसऱ्याच्या वस्तऱ्यातून, शरीरसंबंधातून आणि जन्माच्या वेळी आईकडून बाळाला. एका ताटात जेवल्यानं, हात धरल्यानं तो येत नाही. हे मी इथं लिहितेय तितक्याच शांतपणे तेव्हा कुणी मला सांगितलं असतं, तर किती बरं झालं असतं.

मी आरशात डोळे ताणून पाहिले. पांढरेस्वच्छ. सुट्टीवर यायच्या आदल्या आठवड्यात पावसापाण्यात विमान उतरवलं होतं. भूक चांगली, झोप चांगली, थकवा नाही. मला काहीही होत नव्हतं हो!

पण विमान चालवणाऱ्याला आजार लपवता येत नाही, आणि लपवूही नये. मागं दीडशे माणसं बसलेली असतात. म्हणून मी त्याच दिवशी कंपनीच्या डॉक्टरांना फोन करून सगळं खरं सांगितलं. त्यांचा पहिला प्रश्न होता, "दारू घेता का?"

"नाही."

"बरं, पण साधारण किती?"

तळपायाची आग मस्तकाला गेली. मी म्हटलं, "डॉक्टर, नाही म्हणजे नाहीच." मग ते म्हणाले, "तुम्हाला टेम्पररी अनफिट करतो." टेम्पररी अनफिट म्हणजे तात्पुरतं उड्डाण बंद. तेवढं मला मान्य होतं, तपासण्या होईपर्यंत थांबायलाच हवं. पण पुढं ते म्हणाले, "निगेटिव्ह होऊन या, मग बघू."

हे वाक्य लक्षात ठेवा. ते चूक होतं. एका शिकलेल्या माणसानं फोनवर, माझा एकही रिपोर्ट न बघता, सहज फेकलेलं वाक्य. त्यापायी माझं किती नुकसान झालं याची त्यांना आजही कल्पना नसेल.

तर मी घरी बसले. गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही. फ्लेक्स अजून उतरवलेला नव्हता आणि त्याच्याच खाली उभं राहून लोक माझ्या लग्नाचं कसं होणार याची काळजी करत होते. शेजारची काकू यायची, दारातूनच विचारायची, "बरं हाय का गं?" आणि चहा नको म्हणायची. जन्मभर जिनं आमच्या घरचा चहा मागून घेतला, तिला आता चहा नको होता.

घरात शेवटचा शब्द गयाआत्याचा. अण्णांची थोरली बहीण, आमच्यातच राहते. माझ्यावर तिचा लई जीव. मी विमान चालवते याचा तिला एवढा अभिमान की आभाळात आवाज आला की ती हातातलं काम टाकून बाहेर येते आणि म्हणते, "आमच्या आशीचं हाय." तिनं पहिल्याच दिवशी निकाल दिला: केजकडं एका वस्तीवर कावीळ उतरवणारा बाबा आहे, त्याच्याकडं जायचं.

"आत्या, ही ती कावीळ नाही. डोळे बघ माझे."

"डाक्टरला कावीळ कळत असती तर लोकं बाबाकडं कशाला गेली असती गं? तू गप बस. इमान चालवायला शिकलीस म्हणून समदंच कळायला लागलं का तुला?"

अण्णा मला बाजूला घेऊन म्हणाले, "जाऊन ये बाई एकदा. घरात शांतता व्हईल." अण्णांनी आयुष्यात माझ्याकडं काही मागितलेलं नाही. मी गेले.

बाबाकडं ही गर्दी. त्यानं माझ्या हातांना कसल्यातरी सालीचं पाणी चोळलं, मग चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. पाणी पिवळंजर्द झालं. बसलेल्या बाया 'अगं बया' म्हणाल्या. "बघा, कशी उतरायलीय," बाबा म्हणाला. मी म्हटलं, "आता आत्याचे हात धुवा." बाबा कां कूं करायला लागला, पण मी हटले नाही. आत्याच्या हातांना तेच सालीचं पाणी, तोच चुना. पाणी तसंच पिवळंजर्द.

मला वाटलं, आता तरी डोळे उघडतील. आत्या त्या पाण्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "आगं माय! म्हंजी मला बी हाय की!"

काय म्हणावं याला? हसावं की डोकं आपटून घ्यावं! ज्या गोष्टीनं बाबाचं पितळ उघडं पडायला हवं होतं, त्याच गोष्टीनं त्याला आणखी एक रोगी मिळाला. दोघींच्या डोक्यावर काविळीच्या माळा चढल्या. या माळा कसल्यातरी मुळीच्या बारीक काड्यांच्या असतात. त्या काड्या सुकल्या की दोरा सैल होतो, माळ लांबते आणि लोक म्हणतात कावीळ उतरली. मी माळ रस्त्यातच काढून टाकली. बाबानं भुकटीच्या पुड्या दिल्या होत्या, त्या मी घेणार नाही असं ठणकावून सांगितलं. "नको घिऊ, मी घेते," असं म्हणून आत्यानं त्या कनवटीला लावल्या. मला वाटलं, विषय संपला.

त्यानंतर मी संभाजीनगरला यकृताच्या डॉक्टरीणबाईंकडं गेले. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी दारूचं एकदाच विचारलं आणि मी नाही म्हटल्यावर विश्वास ठेवला. मग तपासण्या. एसजीपीटी हा यकृताच्या पेशींतला एक पदार्थ, पेशी दुखावल्या की तो रक्तात सांडतो आणि वाढलेला दिसतो. माझा अगदी जागेवर होता. व्हायरल लोड म्हणजे रक्तात विषाणू किती आहेत त्याचं माप, ते अगदी थोडं आलं. फायब्रोस्कॅन म्हणजे यकृत कडक झालंय का ते बरगडीवर यंत्र टेकवून बघायचं, दुखत नाही. तेही उत्तम.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही इनअॅक्टिव्ह कॅरिअर दिसता. म्हणजे विषाणू आहे, पण झोपलेला आहे. एका तपासणीवर मी शिक्का मारत नाही. काही आठवड्यांनी पुन्हा बघू, असंच आलं तर तुमच्या वैद्यकीय मंडळाला लिहून देते."

मी विचारलं, "पण मला निगेटिव्ह होऊन या म्हणालेत."

त्यांनी चष्मा काढला. "कोण म्हणालं? हा विषाणू बहुतेकांच्या अंगातून जातच नाही. निगेटिव्ह व्हायची वाट बघत बसलात तर निवृत्तीचं वय येईल. उडायला काय लागतं? यकृत नीट चालणं, त्रास नसणं, गुंगी आणणारं औषध चालू नसणं. तुमच्याकडं हे सगळं आहे." मग म्हणाल्या, "आणि हो, घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या. आईची आधी."

मला त्या खोलीतच रडू आलं. आनंदाचं थोडं, पण जास्त संतापाचं. एवढी साधी गोष्ट सांगायला एक माणूस भेटेपर्यंत मी खोलीत तोंड लपवून बसले होते!

वैमानिकाला फिट की अनफिट ठरवणाऱ्या त्या मंडळापुढं जायची तारीख मिळाली. त्याआधी दुसरी तपासणी. मी गावीच थांबले, घरचं खाल्लं, सकाळी शेळीचं दूध प्यायले, लवकर झोपले. म्हटलं, आता काय बिघडणार?

रिपोर्ट आला तर एसजीपीटी चौपट.

डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "व्हायरल लोड तेवढाच आहे, म्हणजे हे विषाणूचं काम नाही. काय घेतलंत? काढा, पुडी, जडीबुटी?"

"काहीच नाही हो, शपथ."

"अश्विनी, नीट विचार करा. कुणीतरी काहीतरी दिलंय."

मी फोन ठेवून मागं वळले तर माय चुलीपाशी उभी होती. माझी माय फार कमी बोलते. ती म्हणाली, "दुधातून देतीया. आत्याबाई. रोज सकाळी." आणि पुढं म्हणाली, "मला ठावं होतं."

मी आयुष्यात एवढ्या मोठ्यानं कधी ओरडले नव्हते. गल्लीतली माणसं बाहेर आली. मी आत्याला म्हटलं, "तू माझं विमान खाल्लंस! माझ्या लिव्हरला काही झालं नव्हतं, तू केलंस!" मंडळाची तारीख हातची गेली होती. कंपनीत माझ्या जागी दुसऱ्याचं नाव लागत होतं. वैमानिक फार दिवस जमिनीवर राहिला की त्याला पुन्हा सरावाच्या परीक्षा द्याव्या लागतात, आणि सगळ्यांनाच तशी संधी मिळते असं नाही. माझा परवाना, माझी सगळी वर्षं एका पुडीवर अडकली होती.

आत्याही कमी नाही. ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "मी बी घेतीयाच की तीच पुडी! मला काय धाड भरली? तुझ्या डाक्टरीणीला म्हणावं, माझं बी रगत बघ!"

"चल मग!" मी म्हटलं. आणि तिघांना गाडीत घालून नेलं, आत्या, अण्णा आणि माय.

आत्याला हिपॅटायटिस बी नव्हता. पण तिचा एसजीपीटी माझ्यापेक्षाही वर होता. निरोगी बाईचं यकृत त्या भुकटीनं सुजवलं होतं. डॉक्टरीणबाईंनी तिला समजावून सांगितलं. घरी आल्यावर उरलेल्या पुड्या तिनं स्वतःच उकिरड्यावर नेऊन टाकल्या आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मीही बोलले नाही. त्यानंतरही आभाळात आवाज यायचा, पण ती अंगणात जायची नाही. ते मात्र मला बघवलं नाही.

अण्णा निगेटिव्ह निघाले. अण्णांना आणि आत्याला लस सुरू झाली.

माय पॉझिटिव्ह.

तिचा विषाणू झोपलेला नव्हता. यकृतावर त्याचा परिणाम सुरू झाला होता आणि तिला रोज एक गोळी लागणार होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या मुलीला हे बहुतेक जन्माच्या वेळी तुमच्याकडून आलं. तुमची यात काहीही चूक नाही." माय वाक्याच्या पहिल्याच भागात अडकली. परतीच्या वाटेवर गाडीत माय खिडकीकडं तोंड करून म्हणाली, "माझ्यामुळं तुझं इमान गेलं."

तोवर मी आत्यावर चिडले होते, बाबावर, कंपनीच्या डॉक्टरवर, त्या मोटारसायकलवाल्यावर. त्या गाडीत मला जो राग आला तो वेगळाच होता. माझ्या वेळी माय दिवस भरेपर्यंत शेळ्यांमागं फिरली. तिचं रक्त कुणी तपासलं नाही, तपासायचं असतं हे तिला कुणी सांगितलं नाही. मी जन्मले तेव्हा लगेच लस टोचली असती तर बहुधा हे काहीच झालं नसतं. बरं, आज सगळं उपलब्ध आहे, सरकारी दवाखान्यात गरोदर बाईची तपासणी होते, बाळाला लस मिळते, माझ्या मायची गोळीसुद्धा तिथंच फुकट मिळते. तरी गावात कुणाला माहीत नाही, कारण या रोगाचं नाव घ्यायचं म्हटलं की सगळे कुजबुजायला लागतात. साहेबांच्या मांडवात रक्ताच्या पिशव्या किती भरल्या हे भोंग्यावरून ओरडून सांगतात हो, पण ही एक गोष्ट कुणी भोंग्यावरून सांगत नाही!

पुडी बंद झाली तसा माझा एसजीपीटी खाली येत गेला. हळूहळू आला, जीव टांगणीला लावून आला, पण जागेवर आला. पुन्हा तारीख मागितली. पुन्हा वाट पाहिली. प्रतीक्षागृहात माझ्या बाजूला बसलेला एक वयस्क कॅप्टन रक्तदाबासाठी आलेला होता. तो म्हणाला, "खरं सांगून टाकलंत तुम्ही? मी असतो तर गप्प बसलो असतो." मला त्याचाही राग आला. पण गप्प बसावंसं का वाटतं तेही कळलं. खरं सांगणाऱ्याला घरी बसवायचं आणि लपवणाऱ्याला उडू द्यायचं अशी तऱ्हा असली, तर लोक लपवणारच.

मंडळावरच्या ज्येष्ठ डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट ओळीनं लावून वाचले. पोट दाबून पाहिलं, डोळे पाहिले. मग विचारलं, "निगेटिव्ह होऊन या, असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

मी नाव सांगितलं.

"नियमात असं कुठंही नाही," ते म्हणाले. "तपासण्यांपुरतं थांबवणं बरोबर होतं. पण ते वाक्य ऐकून घरी न बसता तुम्ही लगेच तपासण्या करून इथं आला असतात, तर तुमचं प्रकरण सरळ होतं. मधला सगळा काळ वाया गेला." त्यांनी मला फिट ठरवलं, ठरावीक काळानं यकृताच्या तपासण्या देत राहायच्या या अटीवर. लोकांना वाटतं मी तिथं नाचले असेन. नाही. मी जिन्यात बसून रागारागानं वाया गेलेले दिवस मोजत होते. मग घरी फोन लावला. आत्यानं उचलला. मी म्हटलं, "आत्या, फिट." पलीकडून बराच वेळ नुसतं नाक ओढल्याचा आवाज येत राहिला.

परीक्षा पुन्हा दिल्या, आणि मी आता उडतेय. तुमच्यापैकी कुणाचा असा रिपोर्ट आला, तर हात जोडून सांगते: यकृताच्या डॉक्टरांकडं जा, पुड्या घेऊ नका, आणि कुणी निगेटिव्ह होऊन या म्हणालं तर कुठल्या नियमात लिहिलंय ते तोंडावर विचारा. घरातल्यांना तपासा. लाजू नका, लाजायचं काम दुसऱ्यांनी केलंय.

गेल्या सुट्टीत मायला तपासणीसाठी बीडच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले होते. रांगेत खुर्च्यांवर बसलो होतो. समोर एक पोटुशी पोरगी पदरानं डोळे पुसत होती. तिची सासू तिच्यापासून दोन खुर्च्या सोडून, तोंड फिरवून बसलेली. पोरीच्या मोडक्यातोडक्या बोलण्यावरून कळलं, रक्तात तेच निघालं होतं. मी काही बोलणार, एवढ्यात माझी माय, जी चारचौघांत कधी तोंड उघडत नाही, ती खणखणीत आवाजात बोलली.

"रडती कावून गं? मला बी तेच हाय. हिपाटायटिस बी."

सगळी रांग आमच्याकडं बघायला लागली. मायनं पदर नीट केला, पण आवाज काही कमी केला नाही. "लेकरू झालं की तिथल्या तिथं लस टोचून घ्यायची. त्येच्यासंगं आणखी एक सुई असती, ती बी डाक्टरला मागायची. न्हाई म्हणले तर हलायचं न्हाई. मला कुणी सांगितलं न्हाई, म्हणून माझ्याकडनं माझ्या लेकीला आलं."

सासूनं पहिल्यांदाच तोंड वळवलं. "मंग लेकीचं काय झालं?"

"काय व्हायचंय? ही काय, बसलीय. इमान चालवती."

सासूनं मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मग उठली, आणि सुनेला लागून असलेल्या खुर्चीत येऊन बसली.